बट्टा: जॅक्सन, बिडल आणि एक प्रश्न

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या इमारतीतील तळमजल्यावरचे काका प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक आणि मुदत ठेवीच्या तीन पावत्या गुंडाळून माझ्या दारात उभे राहिले. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात ३१ वर्षे लेथवर उभे राहून त्यांनी जे साठवले होते, त्यातला मोठा भाग नौपाड्यातील एका लहानशा सहकारी बँकेत होता, आणि आदल्या संध्याकाळी त्या बँकेच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर निर्बंधांची नोटीस चिकटवली गेली होती. काकांनी पिशवी टेबलावर ठेवली, पाणीही घेतले नाही, आणि विचारले, ‘‘ताई, तुम्ही बँकेतच होतात, म्हणून विचारतो. आता आमच्या पैशांवर पहारा बसवलाय. पण इतकी वर्षं त्या बँकेवर पहारा कोणाचा होता?’’

ठेव विम्याचा अर्ज भरून देणे माझ्या हातात होते, ते मी केले. आपल्याकडे १९६२ साली ठेव विमा सुरू झाला तेव्हा संरक्षण अवघे १,५०० रुपयांचे होते. २०२० पासून ते ५ लाखांचे झाले, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांच्या आत ही रक्कम ठेवीदाराला मिळावी अशी तरतूद झाली. काकांची रक्कम त्या मर्यादेत बसत होती, त्यामुळे त्यांचे पैसे वाचणार होते. त्यांचा प्रश्न मात्र अर्ज भरून सुटणारा नव्हता. हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक अख्खी निवडणूक लढवली गेली, एका अर्थमंत्र्याची नोकरी गेली, आणि देशातली सर्वांत मोठी बँक बंद पडली. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन आणि त्या बँकेचा प्रमुख निकोलस बिडल यांच्या त्या भांडणाविषयी मी नोकरीत असल्यापासून वाचत आले आहे, आणि आज ते सविस्तर लिहावेसे वाटते.

सुरुवात ‘बट्टा’ या आपल्या जुन्या शब्दापासून करते. पेशवाईत आणि त्यानंतरही बराच काळ आपल्या मुलखात एकच रुपया चालत नसे. चांदवडी, अंकुशी अशी निरनिराळ्या टांकसाळींची नाणी बाजारात फिरत, आणि परक्या टांकसाळीचा रुपया घेऊन गेलेल्या माणसाकडून सराफ तो पारखून, घासून, वाजवून बट्टा कापून घेई. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार आपण अजूनही वापरतो. अमेरिकेत १८०० च्या आसपास हीच अवस्था होती, फरक इतकाच की तिथे बट्टा कागदी नोटांवर लागत असे. राज्यघटनेने राज्यांना स्वतःचा कागदी पैसा काढण्यास मनाई केली होती, परंतु राज्यांनी सनद दिलेल्या खासगी बँका आपापल्या नोटा छापत आणि ‘मागताक्षणी सोने किंवा चांदी देऊ’ असे वचन त्यांवर देत. ओहायोतील एखाद्या गावच्या बँकेची नोट त्या गावात पूर्ण किमतीला चाले. फिलाडेल्फियात पोहोचेपर्यंत तिच्यावर अंतराचा आणि त्या बँकेच्या लौकिकाचा बट्टा चढलेला असे.

पहिल्या राष्ट्रीय बँकेची हकिगत थोडक्यात सांगते. १७९१ साली अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या आग्रहाने १ कोटी डॉलर भांडवलाची बँक २० वर्षांच्या सनदेवर उभी राहिली. घटनेत बँकेचा उल्लेख नाही, म्हणून संघराज्याला ती काढण्याचा अधिकारही नाही, असे जेफरसन आणि मॅडिसन म्हणत राहिले. १८११ मध्ये सनदेच्या नूतनीकरणावर सिनेटमध्ये १७ विरुद्ध १७ अशी समान मते पडली आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या निर्णायक मताने बँक संपली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध पेटले, कर्ज उभे करताना सरकारची दमछाक झाली, बहुतेक राज्य बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबवले, आणि १८१६ साली त्याच मॅडिसनने देशाचा अध्यक्ष या नात्याने दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या सनदेवर सही केली. तत्त्वाला चिकटून राहण्यापेक्षा अनुभवाने शिकणाऱ्या राज्यकर्त्याविषयी मला आदर वाटतो, म्हणून ही सही मला त्याच्या कारकिर्दीतील मोठी गोष्ट वाटते.

या दुसऱ्या बँकेचे भांडवल ३ कोटी ५० लाख डॉलर होते, त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा. २५ संचालकांपैकी ५ देशाच्या अध्यक्षाने नेमायचे आणि बाकीचे खासगी भागधारकांनी निवडायचे. सनदेच्या बदल्यात बँकेने सरकारला १५ लाख डॉलर दिले आणि सरकारचा सगळा महसूल तिच्याकडे ठेव म्हणून येऊ लागला. हा महसूल मुख्यतः आयातीवरील जकातीचा आणि सरकारी जमिनींच्या विक्रीचा असे, आणि तो भरणारे लोक बहुधा राज्य बँकांच्याच नोटा देत. त्यामुळे देशभरातील शेकडो बँकांच्या नोटा या एका बँकेच्या तिजोरीत सतत येऊन पडत. ती त्यांचे गठ्ठे बांधून ज्या त्या बँकेकडे परत पाठवी आणि नाणे मागे. ज्या बँकेने आपल्या तिजोरीतील चांदीच्या मानाने बेताने नोटा काढल्या असतील तिला याचे भय नव्हते. ज्या बँकेने कर्जे वाटण्याच्या भरात नोटा उधळल्या असतील तिला मात्र काही आठवड्यांतच हात आखडावा लागे. बाजारात पैशाची टंचाई झाली तर ही दुसरी राष्ट्रीय बँक हे गठ्ठे थोडे दिवस आपल्याकडेच ठेवी, आणि राज्य बँकांना श्वास घ्यायला जागा मिळे. नोटा परत पाठवण्याचा वेग हाच त्या बँकेच्या हातातला लगाम होता.

हे वाचताना मला माझी स्वतःची ११ वर्षे आठवतात. मी ३३ वर्षे बँकेत होते, त्यातली ११ क्लिअरिंगमध्ये. शाखांत जमा झालेले इतर बँकांचे चेक बँकवार लावायचे, प्रत्येक गठ्ठ्याला बेरजेची पट्टी गुंडाळून रबर लावायचे आणि ज्याचे त्याच्या दारी रवाना करायचे, हेच आमचे काम. संध्याकाळी ताळा जुळला नाही तर, फरक चार रुपयांचा असो की चार लाखांचा, कोणी जागचे हलत नसे. अनेकदा ठाण्याची शेवटून दुसरी लोकल धरून मी घरी पोहोचले आहे. बाहेरच्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटे. परंतु एखाद्या पेढीचे चेक आठवड्यात दुसऱ्यांदा न वटता परत आले की तिचे काहीतरी बिनसले आहे, हे आमच्या टेबलावर सर्वांत आधी कळे. वर्तमानपत्रात ते महिन्यांनी येई.

दुसऱ्या बँकेची पहिली वर्षे मात्र लाजिरवाणी गेली. ज्या बँकेने इतरांना आवरायचे तिनेच आधी सैल हाताने कर्जे वाटली, बाल्टिमोर शाखेत तिच्याच अधिकाऱ्यांनी मोठी अफरातफर केली, आणि १८१९ च्या मंदीत लँग्डन चीव्हज या नव्या अध्यक्षाने वसुलीचा फास इतका आवळला की पश्चिमेकडील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. बँक तरली आणि कर्जदार बुडाले, ही आठवण त्या प्रदेशांत पिढीभर टिकली. त्याच वर्षी मेरिलँड राज्याने बँकेवर लादलेल्या कराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. कर लावण्याचा अधिकार म्हणजे नष्ट करण्याचाही अधिकार, असे सांगून सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल बँकेच्या बाजूने दिला आणि बँक घटनेला धरून असल्याचे ठरवले. कोर्टात प्रश्न मिटला, पण लोकांच्या मनात तो धुमसतच राहिला.

१८२३ साली निकोलस बिडल बँकेचा अध्यक्ष झाला. दहाव्या वर्षी विद्यापीठात गेलेला, पंधराव्या वर्षी प्रिन्स्टनचा पदवीधर झालेला, लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेच्या नोंदींवर संपादनाचे काम केलेला हा माणूस विलक्षण बुद्धिमान होता, आणि नोटांचा लगाम त्याच्याइतक्या कौशल्याने त्याआधी कोणी वापरला नव्हता. त्याच्या काळात बट्टा खूप कमी झाला, दुसऱ्या बँकेच्या नोटा देशभर जवळजवळ पूर्ण किमतीला चालू लागल्या, आणि फिलाडेल्फियातील चेस्टनट स्ट्रीटवरची, ग्रीक मंदिरासारखी खांबांची, विल्यम स्ट्रिकलंडने आखलेली तिची इमारत ही देशाच्या पतीची खूण बनली. ती इमारत आजही उभी आहे आणि तिच्यात व्यक्तिचित्रांचे संग्रहालय आहे.

परंतु बिडलला आपल्या ताकदीचे भान होते आणि तिच्यावर कोणाचा अंकुश असावा याचे भान नव्हते. बँकेने राज्य बँकांना कधी छळले आहे का, असे सिनेटच्या समितीने विचारले असता त्याने उत्तर दिले की, कधीच नाही. मनात आणले तर नष्ट करता आली नसती अशा बँका फारच थोड्या, पण इजा एकीलाही केलेली नाही. हे उत्तर त्याने अभिमानाने दिले होते. लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला ते कसे ऐकू येईल, हा विचार त्याला शिवलाही नसावा. डॅनियल वेब्स्टर हा सिनेटर बँकेचा वकील होता, आणि आपले मानधन नेहमीप्रमाणे नव्याने आले नाही, संबंध चालू ठेवायचा असेल तर ते पाठवावे, असे पत्र त्याने १८३३ च्या डिसेंबरात बिडलला लिहिले. बँकेच्या बाजूने सिनेटमध्ये भाषणे करण्याच्या त्याच दिवसांत.

अँड्र्यू जॅक्सनचा कागदी पैशावरचा राग त्याच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला होता. १७९५ साली त्याने फिलाडेल्फियातील डेव्हिड ॲलिसन नावाच्या व्यापाऱ्याला जमीन विकली, मोबदल्यात मिळालेल्या वचनचिठ्ठ्यांवर स्वतः सही करून त्या पुढे माल खरेदीसाठी दिल्या, ॲलिसनचे दिवाळे निघाले, आणि ते कर्ज जॅक्सनच्या गळ्यात पडले. ते फेडायला त्याला कित्येक वर्षे लागली. १८२९ मध्ये देशाचा अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच वार्षिक संदेशात त्याने बँकेच्या घटनात्मकतेबद्दल शंका काढली. बँकेची सनद १८३६ पर्यंत होती, घाई कोणालाच नव्हती. हेन्री क्लेला मात्र १८३२ ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवायची होती आणि त्यासाठी मुद्दा हवा होता. जॅक्सन निवडणुकीच्या वर्षात नकार देण्याचे धाडस करणार नाही, दिलाच तर हरेल, असा त्याचा हिशेब होता, आणि बिडलने तो मानून चार वर्षे आधीच नूतनीकरणाचा अर्ज केला. विधेयक सिनेटमध्ये २८ विरुद्ध २० आणि प्रतिनिधिगृहात १०७ विरुद्ध ८५ मतांनी मंजूर झाले.

१० जुलै १८३२ रोजी जॅक्सनने नकाराधिकार वापरला. त्या काळापर्यंत अध्यक्ष असा नकार बहुधा घटनेच्या मुद्द्यावर देत. जॅक्सनने घटना तर काढलीच, शिवाय सरळ जनतेला उद्देशून लिहिले. बँकेचे ८० लाखांहून अधिक डॉलरचे भाग परदेशी लोकांच्या हाती आहेत, उरलेले काही शेकडा धनिकांच्या. श्रीमंत आणि बलवान लोक सरकारचे कायदे आपल्या स्वार्थासाठी वाकवतात. आणि सरकार जेव्हा श्रीमंताला अधिक श्रीमंत करणाऱ्या सवलती देते तेव्हा शेतकरी, कारागीर, मजूर यांना अन्यायाची तक्रार करण्याचा हक्क आहे, असा त्याचा आशय होता. हे परिच्छेद मी कितीदा वाचले असतील, आणि दर वेळी मला ते खरे वाटतात. मात्र ते लिहिणारा माणूस गुलामांचा मालक होता आणि दोनच वर्षांपूर्वी त्याने मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकणाऱ्या कायद्यावर सही केली होती, हे विसरून ते वाचता येत नाहीत. आणखी एक उणीव मला क्लिअरिंगच्या टेबलामुळे दिसते. त्या लांबलचक संदेशात मक्तेदारीविषयी, परदेशी मालकीविषयी, राज्यांच्या हक्कांविषयी पानेच्या पाने आहेत, पण रोज गठ्ठे बांधून परत पाठवण्याचे काम बँक गेल्यावर कोण करणार, याविषयी जवळजवळ काहीच नाही.

बिडलला तो संदेश इतका बेताल वाटला की त्याने त्याच्या ३०,००० प्रती स्वखुशीने छापून वाटल्या. लोक वाचतील आणि जॅक्सनला घरी बसवतील, अशी त्याची खात्री होती. लोकांनी वाचले आणि जॅक्सनला २१९ निर्वाचक मते दिली. क्लेला ४९ मिळाली.

यानंतरच्या घटनाक्रमात ज्या माणसापाशी मी सर्वांत जास्त थांबते त्याचे नाव इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत एका ओळीत येते. जॅक्सनला सरकारी ठेवी ताबडतोब बँकेतून काढायच्या होत्या. १८१६ च्या कायद्याने तो अधिकार अध्यक्षाला दिलेला नव्हता, अर्थमंत्र्याला दिलेला होता, आणि कारणे काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, मांडण्याचे बंधन त्याच्यावर होते. शिवाय ठेवी सुरक्षित आहेत असा ठराव प्रतिनिधिगृहाने १८३३ च्या मार्चमध्ये १०९ विरुद्ध ४६ मतांनी केला होता. जॅक्सनने त्या पदावर विल्यम ड्युएनला आणले. ड्युएन बँकेचा विरोधक होता. ती नसावी असेच त्याचे मत होते. तरीही त्याने सही नाकारली, कारण सही त्याची होती, जबाबदारी त्याची होती, आणि ठेवी हलवण्याजोगे कारण त्याला दिसत नव्हते. राजीनामाही दिला नाही. सप्टेंबरमध्ये जॅक्सनने त्याला काढून टाकले, रॉजर टॉनीला नेमले, आणि १ ऑक्टोबर १८३३ पासून नवा महसूल निवडक राज्य बँकांत जाऊ लागला. विरोधक त्यांना ‘लाडक्या बँका’ म्हणत. ज्या गोष्टीला आपला विरोध आहे तिच्याविरुद्धसुद्धा नियमाबाहेर जाऊन सही करायची नाही, हे किती कठीण असते ते कर्जमंजुरीच्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता बिडलची पाळी होती. ठेवी गेल्यामुळे कर्जे काही प्रमाणात आवरणे त्याला भागच होते, परंतु त्याने गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आवरली. लोकांचे हाल डोळ्यांना दिसल्याशिवाय काँग्रेसवर परिणाम होणार नाही, असे त्याने १८३४ च्या जानेवारीत एका पत्रात स्वच्छ लिहिले. त्या हिवाळ्यात व्यापारी बुडाले, कामगार बेकार झाले, शिष्टमंडळे अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेली, आणि जॅक्सनने त्यांना सांगितले की, निकोलस बिडलकडे जा. ठेवीदार आणि कर्जदार यांना वेठीस धरून स्वतःची सनद मागणारा बँकर, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते. मनात आणले तर आम्ही कोणालाही नष्ट करू शकतो, पण करत नाही, हे त्याचे जुने उत्तर त्या हिवाळ्यात त्याने स्वतःच खोटे पाडले, आणि जॅक्सनच्या आरोपाला सर्वांत भक्कम पुरावा पुरवला. १८३४ च्या मार्चमध्ये सिनेटने जॅक्सनविरुद्ध निषेधाचा ठराव केला, एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाने सनदेला नकार दिला, आणि बँकेचे भवितव्य ठरले.

जॅक्सनच्या बाजूला जे लोक एकत्र आले होते त्यांची गंमत अशी की, त्यांतल्या काहींना कागदी पैसाच नको होता, फक्त सोने-चांदी हवी होती. आणि काहींना बिडलचा लगाम सुटून भरपूर कागद हवा होता. लगाम सुटल्यावर दुसऱ्या गटाचे फावले. १८३० ते १८३७ या काळात राज्य बँकांची संख्या दुपटीहून अधिक झाली. सरकारी जमिनींची विक्री १८३४ मध्ये ५० लाख डॉलरच्या आसपास होती, ती १८३६ मध्ये अडीच कोटींच्या घरात गेली, आणि त्यातला बराचसा पैसा ताज्या छापलेल्या नोटांचा होता. ते पाहून धास्तावलेल्या जॅक्सनने जुलै १८३६ मध्ये जमिनीचे पैसे नाण्यांतच घेण्याचा हुकूम काढला. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबवले आणि देश मंदीत कोसळला. याचा सगळा दोष जॅक्सनच्या माथी मारणे योग्य होणार नाही. बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर चढवले होते, कापसाचे भाव उतरले होते. पण गठ्ठे परत पाठवणारे कोणी उरले नव्हते, हेही खरेच आहे. बिडलची बँक पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या सनदेवर काही वर्षे चालली, कापसाच्या सट्ट्यात अडकली आणि १८४१ मध्ये बुडाली.

दिवाळीनंतर काकांच्या हाती विम्याचे पैसे आले, तेव्हा मासुंदा तलावाकाठच्या बाकावर बसून मी त्यांना ही सगळी हकिगत सांगितली. सनद १८३६ ला संपली आणि राष्ट्रीय बँकांचा नवा कायदा १८६३ ला आला, असे म्हटल्यावर त्यांनी विचारले, ‘‘मग मधली सत्तावीस वर्षं तिथल्या लोकांनी केलं काय?’’

काही ठिकाणी बँकांनी आपसांत व्यवस्था लावली. बोस्टनच्या सफोक बँकेने न्यू इंग्लंडमधील नोटा परत पाठवण्याचे काम १८२० च्या दशकापासूनच अंगावर घेतले होते. बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी आली त्याच १८५३ साली न्यूयॉर्कच्या बँकांनी आपले क्लिअरिंग हाउस काढले, आणि कारकून गठ्ठे घेऊन रोज एका खोलीत जमू लागले. बाकीच्या मुलखात दुकानदार गल्ल्याशेजारी एक पुस्तिका ठेवत. तिच्यात देशभरच्या बँकांची नावे, त्यांच्या नोटांवर किती बट्टा कापायचा, कोणत्या बुडाल्या आहेत आणि कोणत्या नोटा बनावट आहेत, हे बारीक अक्षरांत छापलेले असे, आणि तिच्या नव्या आवृत्त्या सतत निघत. गिऱ्हाइकाने नोट पुढे केली की दुकानदार ती उजेडात धरी, पुस्तिकेची पाने उलटी, बोटाने त्या बँकेची ओळ शोधी, आणि मग किती कापायचे ते सांगे.